वळसा सरांचं यान

वळसा सरांना किती वाजले असं विचारण्याची चूक आमच्या शाळेत नवीन माणूस एकदाच करी. मी रुजू झाले त्या दिवशी मीही ती केली. सर मनगटाकडे बघत म्हणाले, "थांबा, आधी या घड्याळाचं सांगतो." मग ते घड्याळ त्यांच्या सासऱ्यांनी कऱ्हाडला कसं पसंत केलं, दुकानदार सासऱ्यांच्याच गावचा जावई कसा निघाला, त्या जावयाचे वडील तबला किती सुंदर वाजवीत, इथपर्यंत आम्ही आलो तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. सर समाधानाने म्हणाले, "चला, घंटाच झाली. आता वेळ बघायला नको."

त्यांचं खरं आडनाव हजेरीपटाबाहेर कोणी वापरत नसे. वळसा हे नाव मुलांनी ठेवलेलं आणि सरांना ते चांगलंच ठाऊक होतं. ते चित्रकला शिकवत. आंबा काढायचा असला तरी सर सुरुवात झाडाच्या मुळापासून करत, कारण मूळ नसेल तर आंबा लागेल कशाला? तास संपायचा तेव्हा मुलं खोडापर्यंत पोहोचलेली असत. आमच्या शाळेतल्या मुलांइतकी सुरेख मुळं जिल्ह्यात कोणी काढत नसेल. फळांच्या बाबतीत मात्र आनंदच होता.

ही सत्तरच्या दशकातली, सांगलीजवळच्या आष्ट्याची गोष्ट. टीव्ही म्हणजे तेव्हा मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी चहा पिता पिता सांगायची नवलाई होती. माणूस चंद्रावर जाऊन आला ही बातमी मात्र अजून लोकांच्या तोंडात ताजी होती, आणि सरांच्या तर डोक्यातच शिरली होती. त्यांनी चंद्र सोडला, कारण तिथे दुसरे आधीच जाऊन आले होते. सरांनी आपलं यान मंगळावर पाठवलं. दर शनिवारी दिवेलागणीला, शाळेच्या मोठ्या खोलीत.

त्याला गावात 'सरांचा शिनेमा' म्हणत. मिरजेच्या एका दवाखान्यात सरांचा मेहुणा कंपाउंडर होता. तो टाकून दिलेल्या एक्सरेच्या फिल्मा पाठवायचा. सर त्या सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन काचेसारख्या स्वच्छ करत, त्यांवर शाईने तारे, ढग, ग्रह काढत, एकीला एक शिवून लांबलचक पट्टी करत आणि दोन दांड्यांवर गुंडाळत. मागे गॅसबत्ती, पुढे ताणून बांधलेलं धोतर. दांड्याला सायकलचं पेडल लावलेलं. पेडल फिरवलं की आकाश सरकू लागे आणि सायकलच्या तारेवर खोचलेलं पुठ्ठ्याचं यान त्या आकाशातून निघे. यानातल्या माणसांचे हातपाय दोऱ्यांनी हलत. चित्र जरा धूसर यायचं, पण अवकाश धूसरच असतं असं सर म्हणत, आणि तिथे जाऊन बघितलेलं आमच्यात कोणी नव्हतं.

एखादी फिल्म नीट धुतली गेली नाही की आकाशात कुणाची तरी बरगडी राहून जाई. एकदा भर खेळात भाजी विकणारी हौसाक्का उठून उभी राहिली. "आवं सर, थांबवा! ह्यो तर आमच्या मालकांचा हात! उसाच्या गाडीवरनं पडल्यालं, तवाचा!" सरांनी यान अधांतरी थांबवलं आणि मालकांच्या हाताची सविस्तर चौकशी केली. पुढच्या शनिवारी मालक स्वतः आले, ढगाआड दिसणारा आपला हात निरखून बघितला आणि "ब्येस बसवलाय डाक्टरनं," म्हणून घरी गेले. गोष्ट बघायला काही ते थांबले नाहीत.

पेडल बशीरभाईंच्या ताब्यात असे. त्यांचं सायकलचं दुकान होतं, गॅसबत्तीही त्यांचीच. गोष्ट रेंगाळू लागली की बशीरभाई कंटाळून पेडल जोरात फिरवत. मग सरांचे गंभीर कप्तान विचार करत करत सुसाट पळू लागत. "बशीरभाई, कप्तानसाहेब दुःखात आहेत," सर आतून दबक्या आवाजात सांगत. "व्हय, पर किती येळ?" बशीरभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत.

आता यात संस्थेचे अध्यक्ष कसे सापडले ते सांगायला हवं. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा पलटणीत सुभेदार होऊन परतलेले, घरचा भरपूर ऊस, आणि लांबण लावणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी तिटकारा. "मुद्द्याची बात बोल," हे त्यांचं पहिलं वाक्य असे आणि बरेचदा शेवटचंही. ते एका शनिवारी शाळेच्या गळक्या कौलांची पाहणी करायला म्हणून आले, काठीवर हनुवटी टेकून जरा वेळ बसले आणि यान चंद्राच्या कडेने निसटलं तेव्हा "आरं, आरं, धडाकतंय!" असं ओरडले. त्या दिवसापासून पुढच्या रांगेतली खुर्ची त्यांची झाली.

आमच्या संस्थेच्या शाळा सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या होत्या, आणि उन्हाळ्यात बदल्यांची यादी निघाली की आम्हा मास्तरलोकांची झोप उडे. त्या वर्षी सरांचं नाव पाचगणीच्या शाळेसाठी निघालं. बैठकीत कारकुनाने नाव वाचलं आणि आबांनी काठी आपटली. "ह्यो मानूस मंगळावर उतरल्याबिगर हालायचा न्हाई. यान उतरलं की दुसऱ्या दिशी धाडा पाचगणीला. माजा शब्द हाय." सगळे हसले. पण आबांचा शब्द म्हणजे पलटणीचा हुकूम. कारकुनाने सरांच्या नावापुढे तसा शेरा मारला आणि ही गोष्ट चहाबरोबर गावभर झाली.

तेव्हापासून यानाचा वेग असा काही मंदावला, की विचारू नका.

आधी ते पंक्चर काढायला मागे फिरून चंद्रावर थांबलं. ही कल्पना बशीरभाईंची होती आणि त्या भागात त्यांनी पेडल अगदी मायेने फिरवलं. मग वाटेतल्या एका उडत्या धोंड्यावर कुणीतरी गुऱ्हाळ लावलेलं निघालं. हंगामाचे दिवस होते. पाक उतरवायचा कधी यावरून प्रेक्षकांतच दोन तट पडले, आणि ते मिटेपर्यंत गूळ काही ढेपेत उतरेना. मग तीन हातांच्या पैलवानाशी कुस्ती. तिसऱ्या हाताची पकड नियमात बसते का, यावर तालमीतले वस्ताद बोलावून त्यांचं मत घ्यावं लागलं. मग यानातल्या आचाऱ्याला बहिणीचं लग्न आठवलं. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं आठवलं, मानपानावरून रुसलेल्या मामांसकट. आणि या सगळ्याच्या आधी दर शनिवारी 'मागे काय झालं' हे सांगणं असेच. ते इतकं फुगत गेलं की एका शनिवारी फक्त मागचंच झालं, पुढचं काहीच झालं नाही.

"आवं सर, त्ये यान पोचायचं कवा?" हौसाक्का विचारी.

"पोचणार हो! थांबा, आधी त्या मामांची समजूत तर निघू दे."

मी विज्ञान शिकवत होते. साताऱ्याहून नुकतीच आलेली, अंगात सगळं नीटनेटकं करण्याची खुमखुमी. पोकळीत आवाज ऐकू येत नाही आणि यांच्या अवकाशात सनई वाजते, हे मला सोसेना. एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत मी सरांना गाठलंच.

"सर, मंगळ एवढा लांब नाहीये."

"बाई, मंगळ लांब नाही, पण मंगळावर माझं काहीच ठरलेलं नाही," ते शांतपणे चहा ओतत म्हणाले. "वाटेतलं मला सगळं ठाऊक आहे. तिथे पोचल्यावर काय, ते एक अक्षर ठाऊक नाही."

"मग ठरवा! ही भरताड किती दिवस चालवणार?"

"तुम्ही नारळाची करंजी खाताय," सर म्हणाले, "आणि मला म्हणताय सारण काढून टाका." एवढं बोलून त्यांनी मला खरंच एक करंजी दिली. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, डब्यात घातलेली होती. माझं तोंड बंद झालं, आणि माझी खात्री आहे की त्यासाठीच ती दिली होती.

त्या करंज्यांची कृती विचारायला म्हणून मी वहिनींकडे गेले. वहिनी म्हणजे सरांच्या अगदी उलट, दोन शब्दांत काम उरकणाऱ्या. स्वयंपाकघरात कोपऱ्यात नवाकोरा पाटा-वरवंटा होता. मी सहज म्हटलं, छान आहे हो पाटा.

"यंदा घेतला," वहिनी म्हणाल्या. "बदलीच्या नोकरीत बाईमाणसानं दगड घेऊ नये. मी जतला एक सोडला, कोरेगावला एक सोडला. मग घेणंच सोडलं. इतकी वर्षं शेजाऱ्यांच्या पाट्यावर वाटण वाटलं. दर वेळी आधी विचारायचं, मग वाटायचं."

"मग आता कसा घेतलात?"

वहिनींनी खोबरं खवणं थांबवलं नाही. "यान वाटेत आहे ना अजून."

मी घरी आले ती करंज्यांची कृती न घेताच. मला सरांचा राग यायचा तो बंद झाला असं नाही, तो कधीच पूर्ण बंद झाला नाही, पण त्या मामांच्या रुसव्याकडे मी निराळ्या नजरेने बघू लागले. पुढच्या आठवड्यात मी आपण होऊन सरांना उल्कांचा पाऊस सुचवला. शास्त्राला धरून होता आणि निदान दोन शनिवार खाऊन जाईल असा होता. सरांचे डोळे चमकले. "बाई, तुमच्या विज्ञानात असं आणखी काय काय आहे हो?" मग मी त्यांना धूमकेतू दिला, सूर्यावरचे डाग दिले, इंधनाची गळती दिली. पदवी मिळाल्यापासून माझं शिक्षण कुणाच्या इतकं उपयोगी पडलं नव्हतं.

गावालाही सगळं कळत होतं. काहींना मंगळ बघायचा होता, काहींना सर हवे होते आणि बहुतेकांना दोन्ही हवं होतं. त्यामुळे लोक कुरकुरत आणि शनिवारी वेळेवर येऊन बसत. फक्त आबांना हा व्यवहार ठाऊक नसल्यासारखा असे. ते दर वेळी काठी रोखून विचारत, "मास्तर, किती ऱ्हायलं?" सर म्हणत, "आलंच आबा. फक्त एवढा धूमकेतू..." आणि आबा हताश होऊन मागे टेकत. स्वतःच्याच शब्दात अडकलेला तो करारी माणूस बघून मला फार हसू यायचं.

मग आबा आजारी पडले. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांना घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. दोन शनिवार पुढच्या रांगेतली खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या शनिवारच्या आधी त्यांचा गडी शाळेत निरोप घेऊन आला. "आबा म्हनत्यात, शिनेमा हिकडं आना. मला मंगळ दावा."

सर त्या दिवशी कुणाशीच बोलले नाहीत, आणि सर बोलत नाहीत म्हटल्यावर सगळी शाळा बिथरली.

आबांच्या घराच्या पुढच्या सोप्यात धोतर बांधलं. आबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. केवढा दांडगा माणूस, पण घोंगडीखाली असून नसल्यासारखा दिसत होता. घरची माणसं, शेजारी, हौसाक्का, सगळे दाटीवाटीने बसले. वहिनी बायकांत माझ्याशेजारी होत्या. बशीरभाईंनी बत्तीला हवा भरली आणि सरांनी सुरुवात केली. सवयीने म्हणा, भीतीने म्हणा, त्यांनी 'मागे काय झालं' पासूनच केली. पंक्चर आलं. गुऱ्हाळ आलं. मामा रुसायला लागले.

आबा हसले, हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "मास्तर, मामाला ऱ्हाऊ द्या. माज्याकडं आता येवडा येळ न्हाई, गड्या."

पेडल थांबलं. धोतरावर यान नुसतं लटकत राहिलं. धोतरामागे सरांची सावली दिसत होती, तीही हलेना. मी वहिनींकडे बघायचं टाळलं. बोलल्या त्या वहिनीच, चारचौघांत कधी मोठ्याने न बोलणाऱ्या. "अहो," त्या म्हणाल्या, "उतरवा आता."

पण उतरवणार कुठे? मंगळ सरांनी कधी काढलाच नव्हता. त्यांनी एक कोरी धुतलेली फिल्म बत्तीपुढे धरली, कुंचला शाईत बुडवला आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढायला सुरुवात केली. धोतरावर त्यांच्या हाताची मोठी सावली आली. एक रेघ निघाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तीच जमीन झाली. मग दोन टेकड्या. मग खडे, अगदी थोडे. मूळ नाही, खोड नाही. बशीरभाईंनी पेडल सोडून दिलं आणि स्वतः तार हातात घेऊन यान खाली आणलं, सावकाश, इतकं सावकाश की त्यांनी आयुष्यात कधी काही इतकं हळू केलं नसेल. यान टेकलं. दार उघडलं. कप्तान, आचारी, सगळे एकामागून एक खाली उतरले.



"पोचली म्हना की समदी," आबा म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांत ती जुनी मिश्किली आली. तेव्हा मला कळलं की या माणसाला सगळा व्यवहार पहिल्यापासून ठाऊक होता आणि त्याने तो खुशाल चालू दिला होता. "आन् मास्तर, परतीचं? परत बी यायचं आसंल की त्येंस्नी. का गोष्ट हितंच सरली?"

ते दार उघडून देत होते. नुसतं हो म्हटलं असतं तरी यान परतीच्या वाटेला लागलं असतं, आणि परतीची वाट सरांनी मनात आणलं असतं तर आमच्या नोकऱ्या संपेपर्यंत पुरली असती. मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हणा, हो म्हणा. सर धोतराच्या बाहेर आले. त्यांनी आबांकडे बघितलं. उद्या नसणाऱ्या माणसाला अर्धी गोष्ट देऊन पाठवायचं, हे त्यांच्याच्याने होईना.

"नाही आबा," ते म्हणाले. "परत नाही यायचं. तिथेच घर करून राहतात. संपली गोष्ट."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं सरळ उत्तर.

"झकास," आबा म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. पुढच्या शनिवारी ते नव्हते.

संस्थेत आबांच्या जागी त्यांचा मुलगा आला. तो शेरा विसरायला तयार होता, गावाने तर अर्जही केला होता. पण सर स्वतःच कचेरीत जाऊन म्हणाले, यान उतरलंय, हुकूम द्या. मला त्यांचा फार राग आला. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कसला पाळता, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. सर म्हणाले, "बाई, शब्द आबांनी दिला होता. मी नुसता त्यात राहत होतो." या वेळी माझं तोंड बंद करायला करंजीही लागली नाही.

ते गेले त्या सकाळी एसटीच्या टपावर त्यांच्या ट्रंका चढवायला अर्धा गाव आला होता. वहिनी माझ्या हाताला धरून म्हणाल्या, पाचगणीला थंडी फार असते म्हणे. एवढंच. मी रडले, भरपूर रडले, आणि अजूनही ते सांगायला मला संकोच वाटत नाही. सर खिडकीतून काहीतरी सांगायला लागले होते. ते सासऱ्यांपर्यंत आले असतील नसतील तोवर गाडी सुटली.

बऱ्याच दिवसांनी मी मंडईत हौसाक्काकडे मेथी घेत होते. तिने जुडी माझ्या पिशवीत घातली, आणखी एक वर टाकली आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "बाई, तुमी शिकल्याल्या. खरं सांगा. त्या मंगळावर त्येंस्नी पाणी लागलं का वो? नुस्ता खडक दावला सरांनी. मला ऱ्हाऊन ऱ्हाऊन त्योच घोर लागतोय."

मंगळावर पाण्याचा थेंब नाही असं मी त्याच सकाळी वर्गात शिकवून आले होते.

"लागलं," मी म्हटलं.

"ग्वाड हाय?"

"गोड आहे, हौसाक्का. भरपूर आहे."

"मग ब्येस झालं," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.